गिटारीची घोडी

"हिचं पोट, पाठ, गळा, समदं मला तोंडपाठ हाय," सिकंदर मिरजेच्या फलाटावर ऐटीत म्हणाला, आणि नव्या तारा चढवायला त्यानं गिटारीच्या जुन्या सगळ्या एकदम सोडल्या. तशी तारांखालची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो लाकडाचा तुकडा, टपकन खाली पडली. साताऱ्याहून लग्नात वाजवायला आलेला सगळा बँड पोट धरून हसला.

पलटणीत असताना, इटलीत लढाई संपली तेव्हा दोन कांबळी आणि दुधाचे डबे देऊन त्यानं ही गिटार घेतली होती. पोट पुढं आलेलं, त्यावर फिडलसारखी दोन वाकडी भोकं. अशी दुसरी उभ्या साताऱ्यात नव्हती. आणि तीच मोडली.

तो धावतच सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत शिरला. पहिल्याच दुकानाचे मालक मोहिद्दीनचाचा बाहेर गेले होते. त्यांची लेक दिलशाद सतारीचा भोपळा घासत बसली होती. तिनं गिटारीच्या पोटावरून अंगठा फिरवला.

"सरसाचा डागबी न्हाई. ही घोडी कवा चिकटवलेलीच नव्हती. तारांच्या भारानं उभी ऱ्हाती. तारा काढल्या की पडनारच."

"म्हंजे मोडली न्हाई?"

"अक्कल सोडून काय मोडल्यालं दिसत न्हाई."

तिनं तारा चढवल्या, घोडी बोटानं केसभर इकडं-तिकडं सरकवली. "वाजवा."

त्यानं छेडलं. जाड, कोरडा, उबदार सूर निघाला... जणू लाकडालाच कंठ फुटला. सतारीसारखा तो रेंगाळला नाही. बोलला आणि गप्प झाला.

दिलशाद हसली. "आमची सतार म्हंजे मामी. निघते म्हनती आन् दारातच तासभर. ही आपलं म्हननं सांगती आन् उठती."

"आवडली?"

"गिटार? व्हय," ती म्हणाली, आणि भोपळ्याकडं वळली. पण कान लाल झाले होते.

त्यानंतर सिकंदरची घोडी दर बाजाराला पडायला लागली. आगगाडीत मिरज जवळ आली की तो स्वतःच तारा सोडायचा आणि तोंड पाडून दुकानात यायचा.

"पुन्ना पडली?" दिलशाद विचारायची.

"लय नाजूक हाय."

"कोन, घोडी?"

तो गिटार पुढं करायचा. ती घोडी बसवायची, तो एक गत वाजवायचा, आणि ओठावर आलेलं तसंच घेऊन साताऱ्याला परतायचा.

एका बाजाराला मात्र तो ठरवूनच आला. वाक्य गाडीत घोकलं होतं. "दिलशाद, मला तुझ्या अब्बास्नी—"

"आलास व्हय बेटा," आतून मोहिद्दीनचाचाच आले. "लय हाल झाले तुझे. आज कायमचा इलाज करतो."

त्यांनी ऊन-ऊन सरस आणला, घोडीला लावला आणि ती पोटावर दाबून धरली. त्यांना थांबवायला सिकंदरला एकसुद्धा कारण सुचलं नाही.

"आता जल्मात हलायची न्हाई. आन् पेढा खाऊन जा. काल पोरीची मंगनी झाली, मलकापूरला दिली. लग्नात तूच वाजवायचं." चाचा पेढे आणायला आत गेले.

सिकंदर चिकटलेल्या घोडीकडं बघत राहिला. "आता मी काय कारन काढून येऊ?"

दिलशादचा हात थांबला. "तारा तुमीच सोडत हुता. पयल्यापासनं म्हाईत हाय मला. मी वाट बघत हुते... एकदा तरी बिनकारनाचं येताय का म्हनून."

"आज बोलनारच हुतो—"

"आज," ती म्हणाली. "गिटार एवढी रोखठोक, आन् वाजवनारा सतारीसारखा."

तिनं भोपळ्यावरचा भुसा फुंकला. तोच डोळ्यात गेला, असं ती म्हणाली.

लग्नात सिकंदर वाजवायला बसला. चाचांनी घोडी केसभर बाजूला चिकटवली होती, त्यामुळं वरचे सूर रडके लागत होते. पाहुण्यांना वाटलं, विलायती चाल अशीच असती. सासरी निघताना दिलशादनं मागं वळून बघितलं. सिकंदरकडं नाही, घोडीकडं.

त्या गडबडीत नवरीच्या सामानाबरोबर गिटारही मलकापूरला गेली, आणि बँडच्या सामानात नवरीची तांब्याची घागर आली.

तिच्या दारात जायला आता पहिल्यांदाच खरं कारण होतं. सिकंदर गेला नाही. त्यानं घागर देऊन गिटार आणायला ढोलवाल्या सिद्धूला धाडलं.

सिद्धू दोन दिवसांनी उगवला. "तिनं एकच इचारलं. सवता का न्हाई आले म्हनून."

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? जेवलो आन् निघालो."

येताना गाडीत गर्दी होती. सिद्धू गिटारीवर बसला होता. तिचं पोट फुटलं. घोडी जागची हलली नव्हती.