वकीलसाहेबांचा कालचा फोन

“पण काल दुपारी तर हे माझ्याशी बोलले!”

नर्स पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होती. हॉस्पिटलचा गणवेश अजून अंगावर, पर्स छातीशी घट्ट धरलेली. समोर खुर्चीत वकीलसाहेब बसले होते. मान छातीवर कललेली, चष्मा मांडीवर पडलेला. टेबलावर फाईल उघडी होती.

इन्स्पेक्टरबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं.

“काल दुपारी? शक्यच नाही,” डॉक्टर म्हणाले. “तीन दिवस तरी झाले असतील. मारहाण नाही, झटापट नाही. हृदय बंद पडलेलं दिसतंय. खोली एवढी गार नसती, तर एव्हाना सगळ्या इमारतीला पत्ता लागला असता.”

खोली खरंच गारठली होती. एसी पूर्ण सोडलेला. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं, आणि साहेबांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, गळ्यात मफलर.

बाईंनी ते टिपून घेतलं. वाटलं काहीच नाही. आठ महिन्यांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून त्यांना कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. चहा गरम आहे की नाही, हे वाफ बघून ठरवावं लागायचं. रडू तर एकदाही आलं नव्हतं. नातेवाईक आधी हळहळले, मग कुजबुजले, मग यायचे थांबले. कामात मात्र कुठे चूक होत नव्हती.

त्यांनी नर्सला बाहेरच्या खोलीत बसवलं.

“साहेबांकडे कशासाठी आला होता?”

“सही मागे घ्यायला.”

“कसली सही?”

“माझी मुलगी सहा वर्षांची आहे. नवरा आणि मी वेगळे राहतो. तिच्या ताब्यासाठी दोन वर्षं केस चाललीय. साहेबच लढत होते. काल त्यांचा फोन आला, समझोता कर म्हणाले. आज सकाळी मी मुलगी नवऱ्याला देऊन टाकली. कागदावर. तो तिला घेऊन परदेशी चाललाय. उद्या संध्याकाळचं विमान आहे.”

“फोनवर आवाज साहेबांचाच होता?”

“त्यांचाच. नंबर त्यांचा, मधूनमधून खाकरणं त्यांचं. मी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली. एरवी कडक माणूस. पण काल म्हणाले, ‘किती भांडशील? दमलीस गं तू. करून टाक सही, बाळा.’ दोन वर्षांत कुणी असं मायेने बोललं नव्हतं. म्हणून तर ऐकलं मी. सही करून बाहेर आले आणि वाटलं, हे काय करून बसले. तशीच इकडे आले. हा आत सोडेना, म्हणून दार बडवलं.”

‘हा’ म्हणजे कचेरीतला ज्युनिअर वकील. तिशीचा, नीटनेटका, आत्ता मात्र पांढराफटक पडलेला. दार त्यानेच उघडलं होतं. चावी त्याच्या टेबलामागे खिळ्यालाच लटकलेली असायची, कुणीही घ्यावी.

“तीन दिवस साहेब दिसले नाहीत, तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“दारावर ‘कामात आहे’ची पाटी होती, मॅडम. ती लागली की आत जायची आमची छाती नव्हती. आणि कामं होत होती ना. साहेब फोनवर सांगत होते.”

हवालदार मध्येच म्हणाला, “मॅडम, यांच्याकडे बोलणारं यंत्र आहे. साहेबांच्या आवाजात बोलतं.”

“पोपट म्हणतो आम्ही त्याला,” ज्युनिअर म्हणाला. “साहेबांनी आयुष्यभरात लिहिलेले सल्ले, अर्ज, मसुदे, सगळं त्याला शिकवलंय. पक्षकाराने काही विचारलं की तो साहेबांच्या भाषेत उत्तर जुळवतो. पण साहेबांनी वाचून होकार दिल्याशिवाय बाहेर एक अक्षर जात नाही.”

“मग कालचा फोन पोपटाचा?”

“नाही. मी आत्ताच तपासलं. पोपटाने काल कुणालाच फोन केलेला नाही.”

“तपासलं की पुसलं?” बाईंनी विचारलं.

हवालदाराने बाईंकडे पाहून भुवई उडवली. त्याच्या लेखी प्रकरण संपलं होतं.

बाईंनी पोपट सुरू करायला लावला आणि नर्सचीच केस विचारली. खर्जातला, किंचित घोगरा आवाज घुमला. “आपल्या प्रकरणात आईची बाजू भक्कम आहे. तुम्ही घाईने समझोता करू नये, असा माझा सल्ला आहे. हे उत्तर वकीलसाहेबांच्या मान्यतेविना कळवू नये.”

नर्स उठून उभीच राहिली. “आवाज हाच! पण बोलणं हे नाही.”

“साहेब तुम्हाला काय म्हणायचे?” बाईंनी ज्युनिअरला विचारलं. “अरे-तुरे करायचे?”

“छे! इथे लागलो त्या दिवसापासून ‘तुम्ही’. लिफ्टवाल्यालासुद्धा ‘तुम्ही’.” तो जरा घुटमळला. “परवा तेवढी एक गंमत झाली. साहेबांचा फोन आला, ‘दमली असशील. आज घरीच थांब, जेवून झोप.’ मला वाटलं, ताईंना लावायचा फोन चुकून मला लागला. वय झालं होतं साहेबांचं. मी आपला गुपचूप घरी राहिलो.”

ताई म्हणजे साहेबांची मुलगी. कचेरीचा सगळा कारभार तिच्याकडे. ती आली, दारातून वडिलांकडे पाहिलं आणि बाहेर येऊन खुर्चीत बसली. डोळे कोरडे. हवालदार कानाशी लागला, “मॅडम, टिपूससुद्धा नाही.”

“तो काही पुरावा नाही,” बाई म्हणाल्या. जरा तोडूनच.

मग बाई मुलीसमोर बसल्या. “वडिलांशी शेवटचं कधी बोललात?”

“रोज बोलतो आम्ही.”

“भेटून?”

“फोनवर. कामात असले की बाबांना कुणी आलेलं खपत नाही.”

“एसी कुणी लावला?”

“त्यांनीच लावला असेल. उकडतंय किती.”

“कचेरीचं आता काय होणार?”

“एक मोठी कंपनी घेणार आहे. पोपटासकट, पक्षकारांसकट. या शुक्रवारी ठरलंय. बाबा तयार झाले होते.”

“तयार?” ज्युनिअर पुढे आला. “साहेब म्हणायचे, पक्षकार म्हणजे काय खुर्च्या-टेबलं आहेत, जागेबरोबर द्यायला?”

मुलगी त्याच्याकडे नुसतं बघत राहिली. रागाने नाही, कशानेच नाही. ते बघणं बाईंच्या ओळखीचं होतं. सकाळी दात घासताना आरशात दिसायचं.

हवालदार आतून आला. साहेबांचा फोन टेबलाच्या खणात सापडला होता.

“चालू आहे?”

“चालू? बॅटरी काठोकाठ भरलीय, मॅडम.”

“चार्जर?”

“सगळी खोली पालथी घातली. नाही.”

बाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

“वकीलसाहेब आजाराने गेले. त्यात कुणाचा हात नाही,” त्या म्हणाल्या. एकाच सुरात, जबाब वाचून दाखवावा तशा. “पण ते गेले हे एका माणसाला तेव्हाच कळलं होतं. त्याने डॉक्टरला बोलावलं नाही. एसी लावला, बाहेर पाटी लावली आणि दार ओढून घेतलं. ज्याला उन्हाळ्यात मफलर लागतो, तो स्वतः एसी लावून बसत नाही. त्या माणसाने साहेबांचा फोनही घरी नेला. मेलेल्या माणसाचा फोन आपोआप चार्ज होत नाही. आज गडबडीच्या आधी कधीतरी तो खणात परत आला.”

“हेच म्हणतोय मी,” हवालदार म्हणाला. “पोपट याच्या हाताखाली, चावी याच्या डोक्यावर.”

“पोपट ‘तुम्ही’ म्हणतो. कचेरीत त्याच्या कानावर दुसरं काही पडलेलंच नाही. नर्सबाईंना ज्या आवाजाने फोन केला, तो ‘तू’ म्हणत होता. ‘गं’ म्हणत होता, ‘बाळा’ म्हणत होता. म्हणजे साहेबांच्या आवाजाचं दुसरं यंत्र आहे, आणि ते कचेरीच्या कागदांवर शिकलेलं नाही. त्याच आवाजाने परवा यांना ‘दमली असशील’ म्हटलं. फोन चुकला नव्हता. त्या यंत्राला पुरुषाशी कसं बोलायचं ठाऊकच नाही. जन्मभर ते एकाच माणसाशी बोललंय, आणि तो माणूस बाई आहे. साहेब कुणाला ‘तू’ म्हणायचे?”

बाईंनी मुलीपुढे हात केला. “तुमचा फोन.”

तिने फोन उघडून दिला. पडद्यावर पहिल्याच रांगेत ‘बाबा’ लिहिलेलं चित्र होतं. बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

“जेवलीस का गं?” घोगरा आवाज म्हणाला.

“हो बाबा, जेवले,” मुलगी म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला कळलं. नर्सने तोंडावर हात घेतला.

“वर्षभरापूर्वी त्यांचं हृदय पहिल्यांदा बिघडलं,” मुलगी हळूहळू सांगू लागली. “तेव्हा मी हे करून घेतलं. त्यांनी मला पाठवलेले सगळे निरोप त्याला ऐकवले. फक्त माझ्यासाठी होतं हे. ते गेल्यावर घर अगदीच मुकं होऊ नये म्हणून. त्या दिवशी डबा घेऊन आले, तर ते गेलेले. मला रडूच येईना. मनात आलं, आता पक्षकार फायली घेऊन पांगणार आणि कंपनी माघार घेणार. शुक्रवारपर्यंत ढकलायचं. कंपनीला भांडणाच्या केसेस नको होत्या. मग त्यांच्या फोनवरून नंबर लावायचा, शेजारी माझा फोन ठेवायचा. काय पटवायचं, ते त्याला आधी सांगून ठेवायचं.”

“आणि माझी मुलगी?” नर्सने विचारलं.

“तुमची फाईल मिटवायच्या यादीत होती,” ती म्हणाली. दुष्टपणा नव्हता त्यात, म्हणूनच ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्युनिअर न्यायाधीशांसमोर उभा होता. समझोता रद्द करण्याच्या अर्जाचा मसुदा पोपटाने जुळवला होता, पण मान्यता द्यायला आता साहेब नव्हते.

“यंत्राने लिहिलेला अर्ज दिसतोय,” न्यायाधीश चष्म्यावरून म्हणाले. “यातल्या शब्दांची जबाबदारी कोण घेणार?”

“मी. शब्द न् शब्द वाचलाय, दोन ठिकाणी खोडलाय. चूक निघाली तर ती माझी.”

इन्स्पेक्टरबाईंचा जबाब झाला. फसवून घेतलेली सही म्हणून समझोता रद्द झाला, मुलीला देशाबाहेर न्यायला मनाई झाली. दुपारी विमानतळावर हवालदाराने तिला बापाच्या हातातून सोडवून आणलं. ती आईच्या खांद्यावर झोपून गेली.

संध्याकाळी ठाण्यात वकीलसाहेबांच्या मुलीने जबाबाखाली सही केली. तिचा फोन पुराव्याच्या पाकिटात घालून बाई शिक्क्यासाठी लाख वितळवत होत्या.

“त्यातलं पुसणार का?” तिने विचारलं.

“पुरावा आहे. पुसता येत नाही.”

“मग ठीक.” ती म्हणाली, “त्याला मी अजून सांगितलेलं नाही. बाबा गेले म्हणून. रोज वाटायचं, आज सांगू. मग ते जेवलीस का विचारायचं.”

बाईंनी पाकिटावर शिक्का दाबून धरला. लाख कडक झाली, तरी हात तिथेच होता.

“मीही कुणाला सांगितलेलं नाही अजून,” त्या म्हणाल्या. “आमचे हे गेले, म्हणून. कळलं सगळ्यांना. पण मी माझ्या तोंडाने नाही.”

मुलीने मान वर करून पाहिलं.

“केव्हा गेले?”

बाई सांगायला लागल्या.