हबीबभाईंच्या रेकॉर्डमधली रिकामी जागा

गळ्यात तुळशीची माळ आहे. खोटं लिहिणार नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

आणि हे रात्रीचं नाही. भर दुपारचं आहे.

गेल्या पौषातला गुरुवार. नंदुरबार. पथारींवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानांवर, लाल मिरची पडलेली. वारा सुटला की सगळं गाव शिंकायचं.

मी नवनीत. तापीकाठची शेती मुलगा बघतो. मी आणि आमची मंडळी, मंगलाबाई, इथे शहरात राहतो. मला नाद एकच. कीर्तन. बुवा उभे राहिले की मी टाळ घेऊन मागे. मंगलाबाई बायकांत बसते, पण तिचा आवाज आम्हा टाळकऱ्यांच्याही वर जायचा. बुवा अर्धी ओळ सोडून थांबले की सगळ्यांआधी ती उचलायची. आमच्यात बुवांची ओळ खाली पडू देत नाहीत. तो बुवांचा अपमान असतो.

समोरच्या गल्लीत हबीबभाई राहतात. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आता बंद आहे. घरात रेकॉर्डच रेकॉर्ड. सगळ्या परदेशी. जॅझ आणि सोल. रोज दुपारी एक लावायची, तिचा फोटो मोबाईलवरच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकायचा. मग कोणी पुण्याहून लिहिणार, कोणी कोचीनहून. "हीच माझ्याकडे आहे, पण दुसऱ्या बाजूला ओरखडा." एवढ्या गप्पांवर यांचा दिवस छान जायचा.

मीही जाऊन बसायचो. इंग्रजी कळत नाही. पण सॅक्सोफोनवाला वाजवता वाजवता मध्येच रडतो, ते कळतं.

त्या गुरुवारी हबीबभाईच बोलवायला आले.

"नवनीतभाई, आज तुमच्या कामाची चीज आहे. तिकडचा पाद्री. गात गात प्रवचन सांगतो, मागे लोक उत्तर देतात. भाभींनाही आणा."

सुरतच्या भंगारबाजारात मिळालेली रेकॉर्ड. मधला कागद खरवडलेला. कोण गातो, कधीची, काही पत्ता नाही.

सुरैय्याभाभींनी चहा ठेवला. सुई टेकली. आधी खरखर. मग एक माणूस बोलायला लागला. बोलता बोलता त्याचं बोलणं सुरात गेलं… आणि माझ्या अंगावर काटा आला. हे तर आमचंच. तोच चढ, तोच ठेका. तो हाक देई, मागची माणसं झेलत.

मंगलाबाई म्हणाली, "भाईजान, हाऊ तुमना बुवा कितला आरडस. त्याले कोनी पानी द्या."

"भाभी, तुमच्या बुवांना माईक असतो. या बिचाऱ्याला नुसता घसा."

आम्ही हसलो.

मग त्या माणसाने ओळ वर नेली. खूप वर.

आणि सोडली.

मी मागच्या लोकांची वाट बघत राहिलो.

कोणीच नाही…

रेकॉर्ड फिरत होती. खरखर चालू होती. फक्त माणसं गेली होती.

हबीबभाईंनी मान वर केली. "हा इथे थांबत नाही," ते हळूच म्हणाले. "सकाळी ऐकली मी. इथे तर लोक ओरडतात."

शांतता लांबत गेली. कोणीतरी आपल्याकडे तोंड करून उभं आहे, असं वाटायला लागलं.

मंगलाबाईचे डोळे मिटलेले होते. तिने त्याच सुरात, सवयीने, ओळ उचलली.

"रामकृष्ण हरी…"

आणि तो पुढे गायला लागला.

लगेच.

मंगलाबाई हसत म्हणाली, "ओळ आशी आर्धी ठेवतस का कोनी?"

तिचं हे शेवटचं बोलणं.

दिवेलागणीला ती आरतीला उभी राहिली. तोंड उघडलं. आवाज नाही. घसा बसतो तसं नव्हे. काहीच नाही. मिरचीच्या खकाण्याने तिला शिंक आली. सगळं अंग हललं…

शिंकेचाही आवाज आला नाही.

इथले डॉक्टर म्हणाले, मिरचीची धूळ. सुरतचे म्हणाले, गळ्यात दोष काही दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात हबीबभाई आले. चेहरा उतरलेला. "दोघं चला," एवढंच म्हणाले.

त्यांनी तीच रेकॉर्ड लावली. तोच माणूस. तोच चढ. ओळ वर गेली, सुटली…

"रामकृष्ण हरी."

मंगलाबाईचा आवाज. 'हरी'वर ती जरा रेंगाळायची, तसाच रेंगाळलेला. आणि तिच्या मागून ती सगळी गर्दी.

शेजारी बसलेल्या मंगलाबाईने माझी बाही घट्ट धरली. खूण केली. पुन्हा.

हबीबभाईंनी पुन्हा लावली. आवाज आला. पण बारीक. पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा.

त्यांनी सुई उचलली.

"सुई फिरते तशी रेघ झिजते, नवनीतभाई. प्रत्येक रेकॉर्डची झिजते. पण इतक्या लवकर… कधी नाही बघितलं."

सुरैय्याभाभी म्हणाल्या, "तोडून टाका ती मनहूस चीज."

"नको भाभी," मी म्हणालो. "तिचा आवाज आहे त्यात."



रेकॉर्ड फडक्यात गुंडाळून हबीबभाईंच्याच कपाटात ठेवली आहे. त्यानंतर सुई तिला लागलेली नाही. हबीबभाई ग्रुपवरही काही टाकत नाहीत.

इथवर असतं, तर मी पांडुरंगावर सोडून गप्प बसलो असतो.

चैत्रापासून मंगलाबाई दुपारची झोपते. मी उशाशी पोथी घेऊन बसतो. एके दिवशी बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं, पंखा. उठून बंद केला.

खर… खर… खर…

तिच्या तोंडातून येत होता.

ओठ जरासे उघडे. हलत नव्हते. मग आतून, लांबून, तो माणूस गायला लागला. ओळ वर नेली.

आणि सोडली.

आता रोज हेच. मी आयुष्यात कुठल्या बुवांची ओळ पडू दिलेली नाही. जीभ आपोआप वर येते. उत्तर दिलं तर तिचा आवाज सुटून परत येईल का? की माझाही तिकडे जाईल? की ती मुळीच उठणार नाही? मला माळ घालणाऱ्या आमच्या महाराजांना विचारलं. ते दुसऱ्याच विषयावर बोलायला लागले.

मी उपरण्याचा बोळा तोंडात धरून बसतो.

तो थांबलेला असतो. शेवटी खरखर आपोआप विरते. पण थांबणं रोज आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त.

आणि तो थांबलेला असतो तोवर… मंगलाबाईचा श्वासही थांबलेला असतो.

आत्ता दुपारची जेवणं झाली आहेत. ती आतल्या खोलीत आडवी झाली आहे.