आत वळलेल्या फांद्या

दुपारची जेवणं उरकली तशी मी छाटणीच्या कात्रीला तेल दिलं आणि मागचं दार उघडलं. काम साधंच होतं. मागच्या बागेत जास्वंद, कण्हेर आणि बोगनवेल एकमेकींच्या गळ्यात पडून कुंपणाच्या भिंतीहून उंच गेल्या होत्या. त्यांना सरळ करायचं. अंधार पडायच्या आत झालं तर ती जागा माझी, तिथे मी रोपं विकणार. नाही झालं तर सोमवारी मुकाट्याने कॉलेजात परत. बाबांशी तशी पैजच लागली होती.

माझे बाबा जिंकणार असतील तरच पैज लावतात. मी कॉलेज सोडल्यापासून घरात दोनच आवाज उरले होते. त्यांचं व्याख्यान आणि आईचे सुस्कारे.

"ह्यांनी दोन माळी आणून पाहिले," आई दारातून म्हणाली. "दोघंही चहा पिऊन जे गेले ते गेलेच."

"मग मला चहा देऊ नकोस," मी म्हटलं आणि आत घुसले.

सुरुवातीला नुसती कापत सुटले. राग होताच, त्याला आता कात्री मिळाली होती. काटे हातमोज्यातून टोचत होते, कण्हेरीचा कडू चीक नाकात बसला होता, पायाखाली कुजक्या फुलांचा गोडसर वास. भर दुपारी आत हिरवा काळोख होता.

कच्. ही माझी कात्री.

कच्.

ही माझी नव्हती.

मी थांबले. तीही थांबली. मागे वळून पाहिलं. मी येताना फांद्या कशाही, आडव्या तोडल्या होत्या. आता प्रत्येक काप तिरपा होता, कोवळ्या कोंबाच्या किंचित वर, आणि प्रत्येक कोंबाचं तोंड बाहेरच्या बाजूला. सुरेख! ताज्या कापांतून पाणी ओघळत होतं.

खरं सांगू? भीती नाही, आनंद झाला मला. कॉलेजात दोन वर्षं पिवळ्या पडलेल्या वह्यांतून वाचून दाखवणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकानेही कधी माझा हात धरून चूक दाखवली नव्हती. इथे कुणीतरी, एक अक्षर न बोलता, शिकवत होतं.

पुढची फांदी मी तिरपी कापली. कान टवकारले... आवाज नाही. म्हणजे बरोबर! त्याच्या पुढची मुद्दाम चुकवली.

कच्. बोटभर तुकडा माझ्या पायावर पडला. कोमट होता.

"कोण आहे?" मी कुजबुजले. वारा नसताना समोरची एकच फांदी हलली. ती कापेपर्यंत हलत राहिली. मग दुसरी. माझ्या हळूहळू लक्षात आलं. आधी वाळलेलं काढायचं, मग किडलेलं, आणि मग जे आत वळतं आणि बाकीच्यांचा उजेड खातं, ते. माझे हात भरून आले होते, पण थांबवेना. इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती.

"काय माळीणबाई, झालं का खेळून?" बाहेरून बाबा. "सोमवारची बॅग भरू का?"

"बाबा, आत या. बघा तरी."

"त्या काट्यांत? तुझ्यासारखा रिकामटेकडा नाही मी."

"घाबरलात?"

हा शब्द मी जाणूनबुजून टाकला. बाकी काहीही ऐकून घेतील, एवढंच नाही. पाचोळा कुरकुरला. ते वाकून आत येत होते आणि तोंड चालूच होतं. "तुमच्या पिढीला एक काम धड..."

कच्.

वाक्य तिथेच राहिलं.

आमच्यामध्ये बोगनवेल होती, मला काही दिसत नव्हतं. "बाबा...? लागलं का...?"

पावलं माघारी गेली, संथ, एकसारखी.

मी उरलेलं काम घाईघाईने संपवून बाहेर आले तेव्हा अजून उजेड होता. बाबा पायरीवर बसले होते. "छान केलंस," ते म्हणाले. "जागा तुझी."

मी उडीच मारली! आई हसता हसता डोळे पुसत होती. "बघ, किती शांत झालेत."

"पैज हरलात," मी चिडवलं. "रागावणार नाही?"

"राग?" त्यांनी विचारलं. थट्टा नव्हती ती. राग म्हणजे काय, ते त्यांना खरंच आठवत नव्हतं.

मी त्यांच्या मागे गेले. मानेवर, कॉलरच्या वर, छोटासा तिरपा काप होता. रक्त नव्हतं, पाणी ओघळत होतं. आणि कापाच्या किंचित खाली काहीतरी टपोरं, हिरवं.

डॉक्टर म्हणाले, किडा चावला असेल. मी रोज बाबांना डिवचते. रोपं मेली म्हणते, पैसे उडवले म्हणते, उलटून बोलते. एकदा तरी ओरडा म्हणून. ते हसतात. रोपं मात्र भराभर खपतायत.

आज सकाळी पुन्हा त्यांची कॉलर बाजूला केली. कोंब बोटभर वाढलाय, लालसर, टवटवीत. पण त्याचं तोंड बाहेर नाही. आत वळलंय.

मान न हलवता बाबांनी हळूच विचारलं, "कात्री कुठे ठेवलीस गं?"