एका झटक्यात सुटणारी गाठ

दोरीचा गुंता कवटाळून स्काउटच्या खोलीत शिरले, अन् थेट त्याच्यावरच आदळले!

अंकुर. आमच्या परेडचा मागच्या वर्षीचा लीडर, आता यवतमाळला अकरावीत.

"सरांनी बोलावलं," तो म्हणाला. "झेंड्याची गाठ शिकवायले. कोणाले शिकवू?"

"मले. यंदाची लीडर मी आहे!" मान ताठ केली, पण छाती धडधडतच होती.

आमच्या दिग्रसच्या शाळेत ही गाठ एका वेळी एकालाच येते. आत फुलं भरून घडी केलेला झेंडा वर बांधलेला असतो, पाहुण्यांनी दोरी ओढली की एका झटक्यात सुटायला हवा. डोंगरसिंग काका शिपाई होते, त्यांना यायची. रिटायर होताना ते अंकुरला शिकवून गेले. अंकुर गेला, अन् पंधरा ऑगस्टला झेंडा सुटेचना! अख्खी शाळा सॅल्यूटमध्ये, अन् सर घामाघूम...

म्हणून सव्वीस जानेवारीसाठी अंकुर दर शनिवारी येऊ लागला.

"फास ढिला ठेव... अवं, इतका नाही!" त्याची बोटं माझ्या बोटांजवळ येऊन थांबायची. "लीडर कशी झाली वं तू?"

"शिकवणाराच ढ असला तर मी काय करू?"

खरं सांगू? दुसऱ्याच शनिवारी मला जमली होती. घरी ओढणीवर बांधून ओढली — सुर्रकन् सुटली! पण बोलले नाही. गाठ आली की त्याचं येणं संपलं... मग मुद्दाम चुकत राहिले. शेवटी ठरलं, सव्वीसला तोच येऊन बांधेल.

अन् त्या सकाळी त्याचा फोन — दारव्ह्याजवळ मोटारसायकल पंक्चर.

सरांचा चेहरा उतरला. "मिताली, तुले तर अजून येत नाही ना?"

येते म्हटलं तर अंकुरला कळणार, मी महिनाभर खोटं वागले. येत नाही म्हटलं तर पुन्हा तीच फजिती...

"येते, सर."

बोटं गारठली होती. बांधली. पाहुण्यांनी दोरी ओढली — काहीच नाही! एक, दोन, तीन... अन् मग झेंडा फडफडत उलगडला.

राष्ट्रगीत संपलं. वळले, तर फाटकाशी अंकुर. धुळीने माखलेला.

"येत होती तुले?"

"हो... दुसऱ्या शनिवारपासून."

त्याने तोंडावरची धूळ पुसली.

"मग मले फेऱ्या कायले मारायले लावल्या?"

"सांगितलं असतं तर... आला असता तू?"

त्याने बुटाने माती उकरली. "सर तर पहिल्याच दिवशी म्हणले होते, दर शनिवारी येऊ नको, व्हिडिओ काढून पाठवून दे."

"मग?"

"मी म्हटलं, ही गाठ व्हिडिओ पाहून येत नाही."

"येते की!"

"मले माहीत आहे," तो म्हणाला.