लुमोअक्काचा काळा तंबू

आमच्या सगळ्या कुरणांत माझ्याएवढा निडर माणूस झाला नाही, कुणालाही विचारा. फक्त माझ्या बायकोला विचारू नका. लघवीला बाहेर जाताना मी तिला सोबत न्यायचो, हे ती चारचौघांत सांगते.

असो. त्या दिवशी मी शेजाऱ्याचा तीनचाकी टेम्पो मागून घेतला आणि खिंडीखाली पर्यटकांचा तळ आहे तिकडे निघालो. माझी थोरली बहीण लुमो मरायला टेकली होती. तिनं एकच मागितलं होतं.

"शावो, मला ह्या डब्यात मरायचं नाही. आपल्या तंबूत मरायचंय."

डबा म्हणजे आमचं घर. सरकारनं ओळीनं बांधलेल्या, निळ्या पत्र्याच्या दोनशे घरांतलं एक. कुरणांना तारेची कुंपणं लागली, याक विकले, आणि आम्ही सगळे इथं आलो. पहिल्या महिन्यात मी तीनदा भलत्याच घरात शिरून जेवून आलो. त्यातलं एकदाच चुकून.

अक्का मात्र आल्यापासून खाटेवरच. पाय गेले होते. खिडकीकडे तोंड करून बसायची, आणि गोधडीखाली तिचे हात सारखे हलत राहायचे. मी म्हणायचो, "काय गं, उवा मारतेस?" ती विचारायची ते एकच, "तंबू कुठाय?"

"कोठारात आहे. उंदीरसुद्धा परवानगी काढून आत जातो."

तीन वर्षं हे खोटं मी हसत हसत बोललो. इथं आल्याच्या चौथ्या दिवशीच तो तंबू मी तळाच्या मालकाला देऊन टाकला होता, एका लाल मोटारसायकलीच्या बदल्यात.

आता तंबू म्हणजे काय बाजारातून आणायची वस्तू नव्हे. याकच्या केसांचे पट्टे विणून एकाला एक शिवायचे. दर वर्षी घरातल्या बाईनं नवा पट्टा विणायचा, तो मधोमध, धुराच्या फटीशी जोडायचा, आणि कडेचा कुजलेला काढून टाकायचा. असा तो मधून जन्मत आणि कडेनं मरत जातो. संपत कधीच नाही. आमचा तंबू आईकडून अक्काकडे आला. अक्कानं लग्न केलं नाही, चाळीस वर्षं पट्टेच विणले. माझी मोटारसायकल दुसऱ्याच हिवाळ्यात नदीत बुडाली. ती गोष्ट मी साऱ्या वस्तीला रंगवून सांगितली, लोक पोट धरून हसले. अक्का त्या दिवशी जेवली नव्हती.

तळावर पोचलो तेव्हा दुपार होती, पण धुकं असं उतरलं होतं की टेम्पोचं पुढचं चाक दिसेना. तळ सांभाळणारी दुकारकी, माझ्या जुन्या दोस्ताची मुलगी, आपल्या खोपटात चुलीपाशी शेकत होती.

"या काका. आज कुणाला टोपी घालायला आलात?"

"तुझ्या मालकाला. मला तंबू हवाय. काय द्यायचं ते मागाहून..."

मला वाटलं भांडेल. ती उठली, दार लावून घेतलं, आणि हळूच म्हणाली, "न्या. आत्ताच न्या. मालक आला तर सांगेन वाऱ्यानं उडाला."

"का गं?"

"तुम्ही हसाल."

"मी मयतातसुद्धा हसतो. बोल."

"दर वसंतात... तंबूला नवा पट्टा लागतो, काका. मी लावत नाही. माझ्या आईलाही विणता येत नाही. सकाळी पाहावं तर मधे नवा पट्टा, आणि कडेचा जुना उसवून, नीट घडी घालून दाराशी ठेवलेला. तीनदा झालं."

मी हसलो. दुकारकी मात्र आत यायला तयार नव्हती.

मी एकटाच तंबूत शिरलो. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कागदाची फुलं, गॅसची शेगडी. आणि वास मात्र शेणीच्या धुराचा, ताज्या दुधाचा. वर पाहिलं. मधले तीन पट्टे ओल्यासारखे काळे होते. हात लावला. दर सातव्या टाक्याला दुहेरी गाठ. आमच्या खोऱ्यात अशी गाठ एकच बाई घालते. ती बाई तीन वर्षांत खाटेवरून खाली उतरली नव्हती.

मग आवाज आला. ठक्... ठक्... लाकडी फळीनं वीण ठोकतात तसा. जमिनीलगत, माझ्या डाव्या हाताला, जिथं बायका बसतात त्या बाजूनं.

मी खोकलो. आवाज थांबला.

"अक्का..." मी म्हणालो. "मी मोटारसायकलीसाठी दिला गं. कोठारात कधीच नव्हता."

 कुणीतरी माझं ऐकून घेतलं, एवढं मला अंगावरच्या काट्यानं कळलं. मग पुन्हा... ठक्... ठक्... मघापेक्षा सावकाश.

मी बाहेर पळालो. ते कसं पळालो हे दुकारकी आता वस्तीभर करून दाखवते, दाखवू दे. आम्ही दोघांनी दोर सोडले, तंबूचे दोन्ही फाळके, म्हणजे दोन अर्धे भाग, उसवून वेगळे केले, गुंडाळले, टेम्पोत कोंबले. खिंड चढताना इंजिन रडत होतं. मी वाटभर अक्काला काय सांगायचं तेच घोकत होतो.

घरी आलो. खोलीत तंबू उभा राहणं शक्यच नव्हतं. म्हणून एक फाळका ओढत आत नेला आणि गोधडीसारखा तिच्या अंगावर पसरला.

"घे. आणला तुझा तंबू. आणि अक्का, मी खोटं बोललो होतो..."

तिनं हात बाहेर काढले. बोटांची टोकं सोललेली होती, काळी पडली होती. मधल्या पट्ट्यावरून बोटं फिरली आणि थांबली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ते हात थांबले.

"तुला कोणी आणायला सांगितलं?" ती म्हणाली.

"तूच ना! म्हणालीस, तंबूत मरायचंय..."

"हो. तिथं. मी रोज जात होते, शावो, आईशेजारी बसून विणायला. तुझं सगळं ठाऊक होतं मला. तू दिलास हे बरंच केलंस, निदान उभा तरी होता."

मी नेहमीसारखा हसलो. म्हटलं, "मग आता जायचा त्रास वाचला की!"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती दाराबाहेर, अंगणातल्या टेम्पोकडे पाहत होती, जिथं दुसरा फाळका तसाच गुंडाळलेला पडला होता.

"हसतोस काय? गुंडाळताना आत कोण कोण बसलं होतं, ते तरी पाहिलंस का?"