सुपरचार्जरवाली फियाट

बसा रे. रेवती, बाल्कनीचं दार लाव, थंडी येतेय. ही गोष्ट माझ्या ऑफिसातल्या परीक्षितची. खोटी वाटली तर त्यालाच विचारा, समोरच्या ब्लॉकमध्ये राहतो.

चौदा जानेवारी दोन हजार चोवीस, रविवार. सकाळी परीक्षित इथं दिल्लीतच, मायापुरीला, उस्ताद मेकॅनिककडून गाडी आणायला गेला. वडिलांची जुनी फियाट. त्यांनी चाळीस वर्षं जपली आणि या दिवट्यानं तिला सुपरचार्जर बसवून घेतला. म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारं यंत्र. ताकद वाढते म्हणे. उस्ताद हात पुसत म्हणाला, "साहब, बुढ़िया को दंगल में उतार दिया आपने." याला ती तारीफ वाटली! अकलेचा कांदा.

मग सात वर्षांच्या लेकीला, अवनीला, घेऊन स्वारी थेट पानिपतला. तिथं काला अंबला, लढाईच्या स्मारकावर, लढाईच्या या तारखेला आपली मराठी मंडळी जातात, हात जोडतात, फुलं वाहतात, गपचूप परत येतात. हा बाहेर बॉनेट उघडून उभा. "यार, बिल्कुल रॉकेट आहे!" जनाची नाही, मनाची तरी?

पहाडगंजच्या भानुमतीआजी तिथं पन्नास वर्षं जातायत. त्यांचा एक नियम आहे. अंधार पडला की तिथं कुणाला मराठीत हाक मारून गाडीत बोलवायचं नाही. मुकाट बसायचं आणि निघायचं. त्या म्हणतात, जे तिथं पडले ते अजून घरी जायची वाट बघतायत, आणि त्या मुलखात मराठी हाक वर्षातून एकदाच ऐकू येते.

त्या दिवशी आजींच्या तोंडून हे ऐकून परीक्षित फिदीफिदी हसला. अंधार पडल्यावर मुद्दाम मागचं दार सताड उघडलं आणि ओरडला, "चला, बसा रे! कोण कोण येतंय? पुण्यापर्यंत सोडतो!"

आजींनी तोंड फिरवलं. दुसरं कुणीही हसलं नाही.

सव्वासातला निघाले. अवनी मागे, एकटी. रस्त्यावर हे दाट धुकं. हायवेला लागल्यावर यानं ॲक्सिलरेटर दाबला. सुपरचार्जर किंचाळला. काटा तीसवर. आणखी दाबला. तीसच. बाजूनं एक मोपेडवाला दोन दुधाचे कॅन लटकवून पुढे गेला. रॉकेट म्हणे!

यानं उस्तादला शिव्या घातल्या. क्लच सरकतोय, म्हणाला. पण गाडीचं नाक वर उचललं होतं. हेडलाइटचा उजेड रस्ता सोडून झाडांवर पडत होता. मागं ओझं असलं की पडतो, तसा.

"बाबा..."

"काय गं?"

"मला जागाच नाही."

यानं आरशात बघितलं. सीट रिकामी. सगळी रिकामी. आणि अवनी उजव्या दाराला चिकटलेली. गाल काचेवर दाबलेला.

"इकडं सरक ना, बेटा."

"..."

"अवनी?"

तिला श्वास घेता येत नव्हता.

यानं गाडी कडेला घातली. धावत जाऊन दार उघडलं. पोरीला धरून ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं. रिकाम्या सीटवर अडकली होती, निघेना! ओठ निळे पडत चाललेले...

तेव्हा तो रस्त्यावर गुडघ्यांवर बसला. जन्मात पहिल्यांदा खरं बोलला. "मी थापा मारल्या. माझ्याच्यानं नाही होणार. तुमच्या पाया पडतो... पोरीला सोडा."

काहीच नाही. धुकं. इंजिनची धडधड.

मग मागचे स्प्रिंगचे पाटे करकरले. गाडी बोटभर वर आली. थांबली. पुन्हा बोटभर. दार उघडंच होतं. कुणी दिसलं नाही... पण गाडी वर येत राहिली. बराच वेळ.

अवनी त्याच्या अंगावर कोसळली. आधी खोकली, मग रडली. पोर वाचली, आईच्या पुण्याईनं. बापाच्या तर नक्कीच नाही.

सुपरचार्जर त्यानं काढून टाकला. पण गाडी तेव्हापासून सरळ उभी राहत नाही. रिकामी असली तरी मागून डावीकडे चार बोटं खाली. उस्तादनं दोनदा पाटे बदलले. टायर बदलले. फरक नाही. तिसऱ्यांदा नेली तेव्हा त्यानं पाना हातात घेतलाच नाही. वाकून मागच्या सीटकडे नुसतं बघत राहिला, आणि चावी परीक्षितच्या हातावर ठेवली.

"साहब, पहले इनको घर छोड़ आओ."