निळ्या दिव्याची साक्ष

"चोर कोण ते मला माहीत हाय," जयसिंग आबा म्हणाले. "तुम्ही फक्त पुरावा द्या."

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर, रसवंतीच्या वरच्या खोलीत सुलक्षणा धुमाळचं ऑफिस होतं. खासगी तपास. विम्याचे दावे, लग्नाआधीची चौकशी, घर सोडून गेलेली माणसं. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे मामा हौसराव बसले होते. त्यांचा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला. निवृत्तीनंतर घरी करमेना म्हणून भाचीमागे फिरू लागले. विनातिकीट माणूस आपण नुसत्या पाठीवरून ओळखायचो, असं ते सांगत. भाची कशावरून ओळखते, हे मात्र त्यांना दर वेळी शेवटीच कळे.

जयसिंग आबा निमोण्याचे बागायतदार, पूर्वीचे ट्रकमालक. धोतर पांढरंशुभ्र, तळहात मात्र मिस्त्र्याचे. त्यांची गाडी रोज सकाळी सून अनिताला दौंडच्या कॉलेजात शिकवायला नेऊन सोडायची.

"दिवाळीला नवा ड्रायव्हर ठेवला, बिरदेव. तवापासनं टाकी पुरंना. आधी सोमवारी भरली की शनिवार निघायचा. आता गुरुवारीच काटा खाली."

"गळती?"

"गाडीखाली पुठ्ठा टाकला रातभर. कोरडा."

"गॅरेज?"

"प्लग बदललं, थ्रॉटल साफ केला. म्हणला, दोष न्हाई. मग मी स्वतः चालवली. भर दुपारी नगरला जाऊन आलो. झकास ॲव्हरेज. म्हंजी मी बसलो की पेट्रोल पुरतंय, त्यो बसला की आटतंय. आता काय राहिलं?"

काहीच राहिलं नाही, असं हौसरावांना वाटलं.

"गाडीचं आणखी काही?" सुलक्षणानं विचारलं.

"सकाळी चालू केली की लई रेस हुती. रेड्यागत डुरकते. पण त्ये थंडीचं."

हौसराव पुढं सरकले. "बिरदेव म्हंजी रखमाजीचा का? एसटीत ड्रायव्हर म्हणून निवडला गेलेला?"

"तोच. त्याची पोलीस पडताळणी व्हायचीय म्हणं. त्याच्या आधीच मी ठाण्यात जाणार. उद्या दुपारी बाराला. चोराच्या हाती पन्नास माणसांची बस द्यायची का?"

तक्रार नोंदली गेली की पडताळणीत नाव अडणार आणि एसटीचा दरवाजा बंद. हौसरावांनी असे दोन पोरगे पाहिले होते. दोघंही पुढं परत उभे राहिले नाहीत.

"उद्या बाराच्या आत नाव सांगते," सुलक्षणा म्हणाली. "पण आबा, जे नाव निघेल ते ऐकून घ्यायचं."

"जयसिंगचा शब्द हाय."



निमोण्यातली आबांची शेड म्हणजे गाड्यांचा दवाखाना आणि त्यांचं आत्मचरित्रच होतं. एका भिंतीवर पाने आकारानुसार टांगलेले. जुन्या ट्रकचं स्टिअरिंग. खिळ्याला एक तारेची माळ, तिच्यात ओवलेल्या स्प्रिंगवाल्या पितळी चकत्या. वारा आला की त्या किणकिणत. हौसरावांना पोळ्याची घुंगरमाळ आठवली आणि बरं वाटलं. सुलक्षणा माळेखाली जरा जास्तच वेळ उभी राहिली. सगळ्यात खालची चकती तिनं अंगठ्यानं पुसली. बाकीच्या काळवंडल्या होत्या, ती लख्ख निघाली.

पांढरी पेट्रोल गाडी मधोमध उभी होती. डिकी उघडली आणि हौसरावांच्या हाताला हातभर लांब प्लॅस्टिकची नळी लागली.

"सुलू," ते हळूच म्हणाले, "झालं काम."

तिनं नळी हुंगली आणि त्यांच्या नाकाशी धरली. कडवट, औषधी वास. पेट्रोलचा मागमूस नाही.

"ठेवा जागेवर, मामा."



*साक्ष : विश्वजीत, आबांचा पुतण्या. तोंडात बडीशेप, डोळ्यांवर गॉगल, पाठ गाडीला टेकलेली.*

"दुपारी मी नेतो कधीतरी शिरूरला. व्हय, काकांना न सांगता. पण पेट्रोल माझं टाकतो, मॅडम. मी कपड्यांच्या दुकानाच्या रील काढतो, गाडी मागं दिसली की बरं दिसतं."

"दुपारी रेस होते?"

"छे. मांजरागत चालती. सकाळी बिरदेव चालू करतो तवा माझ्या खिडकीच्या काचा वाजत्यात."

"कधी तापली?"

"मे महिन्यात. माझ्याच लग्नात. वरातीत पावला-पावलानं चाललीवती, ऊन असं की नवरदेवाचा फेटा ओला. लाल दिवा लागला. पण काका काय साधं माणूस हाय का? धोतर खोचलं आन् तिथंच बॉनेट उघडलं. फॅनची वायर तुटलीवती ती जोडली. दुसऱ्या दिवशी शेडमधी परत दुपारभर बसलं. त्यानंतर गाडी कवा तापलीच न्हाई. पंचक्रोशीत कुणाचा ट्रॅक्टर तापला की आधी काकांकडं येतंय."

त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. अभिमान होता.



*साक्ष : बिरदेव, ड्रायव्हर. उभा. बस म्हटलं तरी उभा.*

"डिकीतली नळी तुझी?"

"व्हय. मेंढरांना दवा पाजायची. घरी अजून धा-बारा हायती."

"आबा म्हणतात, पेट्रोल चोरतोस."

तो म्हणाला, "आमच्या आज्यानं जन्मभर लोकांच्या रानात मेंढरं बसवली. भोवती उभी ज्वारी. मेंढरू सोडा, आज्यानंबी कणसाला हात लावला न्हाई. आता मी काय म्हणू? न्हाई म्हणलं की चोर बी न्हाईच म्हणतोय."

"गाडीबद्दल काही खटकतं?"

"खटकतंय की. गाडी गारठल्यागत वाटतीय. पण आबांनी पहिल्याच दिशी सांगितलंय, लाल दिवा लागला तर जागेला थांब. निळ्याचं काय न्हाई. निळा म्हंजी इंजिन गार हाय, सुखी हाय. आता गाड्यांतलं आबांना जास्त कळतंय का मला?"

"तुझ्या आधीचा ड्रायव्हर?"

"दसऱ्याला सोडून गेला. त्याच्या टायमाला पेट्रोल पुरायचं म्हणत्यात." त्यानं मान खाली घातली. "हितंच तर अडकलोय मी."



*साक्ष : अनिता. मागच्या सीटवरून, पायांवर शाल.*

सकाळी निघण्याआधी सुलक्षणानं बॉनेट उघडायला लावलं. बिरदेवानं चावी फिरवली. गाडी डुरकली, शेडचे पत्रे थरथरले. सुलक्षणानं इंजिनापासून रेडिएटरकडं जाणारी वरची जाड रबरी नळी हातात धरली. वैद्यानं नाडी धरावी तशी. बराच वेळ. हौसरावांनी शेवटी खोकून पाहिलं.

"मामा, तुम्ही धरा."

"कोमट हाय," ते म्हणाले.

"मघाशी?"

"मघाशी मी कुठं धरलीवती?"

"मी धरली होती. गार होती, आणि गाडी चालू होताच हळूहळू कोमट होत गेली." इतकंच बोलून तिनं बॉनेट लावलं.

मग न्हावऱ्याचा रस्ता. धुकं उसाच्या शेंड्यांवर बसलेलं. समोरच्या पट्टीवर छोटा निळा दिवा.

"हीटर लावा ना," सुलक्षणा म्हणाली.

"लावलेलाच आहे," अनिता म्हणाली. "नावाला. पाय बघा माझे, बर्फ. मामंजींना सांगितलं तर म्हणाले, सूनबाई, मोजे घाला. गंमत म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो की हीटर चालू होतो. मी तर रोज मनात म्हणते, देवा, आज ट्रॉली लाव. कॉलेजला उशीर झाला तरी चालेल."

"बिरदेव वाटेत थांबतो?"

"चोरायला? मी मागं बसलेली असते की. आणि परतताना गाडी रिकामी असते म्हणाल, तर काटा दौंडला पोचेपर्यंतच हवा तेवढा उतरलेला असतो. हे मी सांगितलं. घरात सुनेची साक्ष धरत नाहीत."

न्हावऱ्याच्या पुढं खरोखरच ट्रॉल्या लागल्या. मुंगीच्या पावलानं. हौसरावांच्या घोट्यांना हळूहळू ऊब आली आणि त्यांना डुलकी लागणार तोच सुलक्षणानं कोपर मारलं. पट्टीवरचा निळा दिवा विझला होता. इंजिन कुजबुजत होतं.

चौफुल्यानंतर हायवे मोकळा मिळाला. गाडी धावली. वारा रेडिएटरच्या जाळीत भरला.

दिवा परत लागला.

सुलक्षणा हसली. ते हसू हौसरावांच्या ओळखीचं होतं. सापडला. पण कोण? गाडीत तर चौघंच होते.



अनिताला कॉलेजात सोडून ते बाराच्या आत परतले, तेव्हा शेडमध्ये आबा ठाण्यात जायच्या तयारीनं उभे होते. जाकीट चढवलेलं. बिरदेव दाराशी, विश्वजीत गाडीला टेकलेला.

"नाव," आबा म्हणाले.

"सांगते. आधी गुन्हा काय ते बघू. पेट्रोल गेलं हे खरं. पण टाकीतून कुणी काढलं नाही. ते इंजिनानंच प्यायलं. काटा दौंडच्या वाटेवर, चालत्या गाडीत, अनिताताईंच्या डोळ्यांदेखत उतरत होता."

"इंजिन कशाला पिईल ज्यादा?"

"थंडी वाजतेय म्हणून. गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाचं तापमान बघतो. गार असेल तर जास्त पेट्रोल देतो, रेस वाढवतो. गरम झालं की हात आखडतो. आता निळा दिवा म्हणतोय, इंजिन गार आहे. हा साक्षीदार खोटं बोलत असेल का? सेन्सर बिघडला तर तो तापलेल्या इंजिनालाही गार म्हणेल. म्हणून मी दुसरा साक्षीदार शोधला."

"हीटर," अनिताचे शब्द आठवून हौसराव पुटपुटले. आपण बरोबर बोललो याचंच त्यांना नवल वाटलं.

"हीटर. त्याला इंजिनाचंच गरम पाणी लागतं, सेन्सरशी त्याचं देणंघेणं नाही. तोही गारच. दोघांची साक्ष जुळली. म्हणजे इंजिन खरोखरच तापत नाही. तापतं फक्त ट्रॉल्यांमागं, जिथं वारा लागत नाही. आणि भर दुपारी, म्हणून तुमच्या नगरच्या फेरीत आणि विश्वजीतच्या शिरूरच्या चकरेत सगळं ठीक."

आबांचा हात जाकिटाच्या गुंडीवर थांबला. हे बोलणं कुठं चाललंय ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक झडप असते," सुलक्षणा इतरांकडं वळली. "थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत ती बंद राहते, पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही. म्हणून सकाळी ती वरची नळी बराच वेळ गार राहायला हवी, आणि झडप उघडली की एकदम गरम. आज ती सुरुवातीपासूनच कोमट होत गेली. झडप उघडी अडकली असेल किंवा जागेवरच नसेल."

ती भिंतीकडं गेली. माळ काढली. टेबलावर ठेवली. किण्.

"प्रत्येक चकती एकेका गाडीची. ट्रक, ट्रॅक्टर, जीप. उन्हाळ्यात झडप काढून टाकायची, गाडी तापत नाही. सगळ्या काळ्या पडल्यात. ही एक लख्ख आहे. मे महिन्यातली."

विश्वजीतनं गॉगल काढला.

"मग चोरी मे महिन्यात का दिसली न्हाई?" विश्वजीतनं विचारलं.

"कारण उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या उकाड्यात इंजिन बिनझडपेचंही बऱ्यापैकी तापत होतं. जुना ड्रायव्हर दसऱ्याला गेला. बिरदेव दिवाळीला आला." ती थांबली. "आणि थंडीही दिवाळीलाच आली. दोघं एकाच आठवड्यात निमोण्यात पोचले. थंडीकडं कुणी पाहिलं नाही, आळ बिरदेवावर आला."

हौसरावांनी आयुष्यात हजारो तिकिटं फाडली होती. इतकं नेमकं फाटलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

आबा खुर्चीत बसले. माळ हातात घेतली, एकेक चकती जपमाळेसारखी सरकवली.

"ह्या झडपा काढल्या म्हणून माझे ट्रक भर उन्हात दिवेघाट चढले," ते म्हणाले. "लोकांचे वाटेत वाफा सोडत उभे. माझा एकबी न्हाई."

"खरं आहे," सुलक्षणा म्हणाली. "आणि वरातीत भर उन्हात तुटकी वायर हुडकून काढणं गॅरेजवाल्यालाही लवकर जमलं नसतं. गाडी तिथंच बरी झाली होती, आबा. नंतर दिलेलं औषध जास्तीचं झालं. त्या ट्रकांना कॉम्प्युटर नव्हता. गार राहिले तरी विचारणारं कुणी नव्हतं. ही गाडी सारखी विचारत राहते."

"नाव ऐकून घेईन म्हणलोवतो." आबांनी माळ खाली ठेवली. "ऐकलं."

ते उठले. माळेतून लख्ख चकती सोडवली, भिंतीवरून पाना काढला. दाराशी गेले आणि दोन्ही बिरदेवापुढं धरलं.

"नवीन रबरी वायसर वरच्या खणात हाय. बसव. मी लाईट धरतो."

"तुम्ही बसवा की आबा, तुमच्यासारखा हात—"

"माझ्या हातानं काढली," आबा म्हणाले. "माझ्या देखत तू बसवायची. आन् मग मला ठाण्यात घेऊन चल. तुझी पडताळणी आली की साहेबानं निमोण्यात कुणाला विचारायचं, त्ये मी आजच सांगून येतो. मला विचारा म्हणावं."

बिरदेवानं चकती आणि पाना घेतला. बॉनेटखाली दोन डोकी वाकली, एक पांढरं, एक काळं. बराच वेळ फक्त "थोडं डावीकडं" आणि "व्हय" एवढंच ऐकू येत होतं.

पाणी भरून झालं. चावी फिरली. इंजिन डुरकलं, पट्टीवर निळा दिवा लागला. सगळे काचेतून आत बघत उभे राहिले, जणू कुणाचा ताप उतरायची वाट बघत. रेस खाली आली. अजून खाली.

निळा दिवा विझला. सुलक्षणानं वरची नळी धरून पाहिली, ती अजून गारच होती.

आबा पुढं, बिरदेवाच्या शेजारी बसले. हौसराव गाडीच्या मागच्या बाजूला उभे होते. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि टपावर सवयीनं दोन थापा पडल्या.

बिरदेवानं आरशात पाहिलं, आणि गाडी सोडली.